दर्भाचा कावळा

पुसेगाव, ता. सेनगाव
१६ ऑक्टोबर २०२३

चि. सत्यशीला,

आशीर्वाद तर आहेच तुला, पण आज हात आधी भांडायलाच उठलाय. माझा सख्खा भाऊ गेला आणि मला ते कसं कळावं? तव्यावर भाकरी, आणि ओट्यावरून हनुमान ओरडतोय, "आई, मामा गेले!" मी विचारलं, कुठं गेले? तर म्हणतो, "गेले म्हंजे गेले. मामीचा फोन व्हता." मला फोनवर ऐकू येत नाही हे मान्य. कानाला लावला की नुसती भणभण. पण पोरी, तू दोन ओळी लिहिल्या असत्यास तर मी पायी निघाले असते हैदराबादला. मी तेव्हाच हनुमानला म्हटलं, चल. संध्याकाळपर्यंत तो निघू निघू म्हणत होता, आणि मग बाहेरून येऊन मान खाली घालून म्हणाला, "आई, अग्नी दिला त्यांनी. आता जाऊन उपयोग न्हाई."

एवढी घाई कशाची होती? ऐंशी वर्षांच्या भावाचं तोंड बहिणीला दाखवायचं नाही, हा कुठला रिवाज? वहिनी आपल्या साखरा गावचीच सून, तिला तरी कळायला पाहिजे होतं. गल्लीतल्या बाया गळ्यात पडून रडल्या. रूपाबाई तर तांड्यावरून आली. तिच्या लेकराला तुझ्या बापाचीच ती पाण्यात विरघळणारी गोळी लागू पडली होती, ते सांगून सांगून रडली. मला वाटलं नव्हतं एवढं पाणी माझ्या डोळ्यांत शिल्लक असेल.

तुझा बाप, माझा वैजा, लहानपणी मेंढरं वळायचा. कोकरू आजारी पडलं की बांबूच्या नळ्याने औषध पाजायचा, थेंब सांडू देत नव्हता. आमचा धाकटा शिवप्रसाद खोकल्याने गेला तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या कडू गोळ्या आई वरवंट्याने वाटायची आणि तो सगळ्या ओकून टाकायचा. वैजा तेव्हा म्हणाला होता, "कोकराला पाजता येतं, मंग लेकराला काहून न्हाई?" पुढे तो मोठा शास्त्रज्ञ झाला. क्षयाच्या लेकरांसाठी गोड गोळी काढली, ती कुठे कुठे परदेशात गेली. पण मला ते सगळं त्या वरवंट्यापाशीच सुरू झालेलं दिसतं.

हनुमानने मात्र मामाचं नाव राखलं हो. सेनगावात शोकसभा घेतली. आमदार आले, स्टेजवर डोळे पुसले आणि साखरा फाट्यावर वैजाचं स्मारक करू म्हणाले. पुतळा आणि त्याला लागून एक खोली. खोलीत आठवड्यातून दोनदा नर्स बसेल, औषधं मिळतील. बापाचं सोनं झालं म्हण. मला मात्र भाऊ पाहिजे होता.

वहिनीला जप. रागावले असले तरी तुझीच,

आत्या


हैदराबाद
२३ ऑक्टोबर २०२३

आत्या,

आधी खाली बस. पाणी जवळ घे. आता वाच: बाबा जिवंत आहेत.

मी हे लिहितेय तेव्हा ते समोरच्या खुर्चीत बसून तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचतायत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले. म्हणाले, "अनसा अजून भाकरी करपवते." मग वरवंट्यापाशी आले आणि चष्मा काढून पुसत बसले. पत्र आता उशीखाली ठेवायचं म्हणतात. आपल्यासाठी बहीण कशी रडली हे माणसाला कधी वाचायला मिळत नाही, त्यांना मिळालं.

झालं असं. पितृपक्ष होता. शेजारच्या गच्चीवर लोक कावळ्यांना पान वाढत होते. बाबा आपल्या खोलीलगतच्या गच्चीत उन्हाला बसले होते, आणि एक कावळा येऊन थेट त्यांच्या टकलावर बसला. आईने ते पाहिलं आणि ती आत फोनकडे धावली. तुला तर माहीतच आहे, कावळा डोक्याला शिवला की त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी जवळच्या नातलगाला कळवायची. नातलग खरं समजून रडला की आलेलं मरण टळतं. बाबा ओरडले, "चतुरा, कावळ्याच्या शापानं गाय मरत न्हाई!" पण तोवर तिने हनुमानदादाला फोन लावला होता. तुलाच का? कारण तुझ्याइतकं खरं कोण रडणार, असं ती म्हणते. मी शाळेच्या सहलीबरोबर गावाबाहेर होते. मी रागावेन म्हणून माझ्यापासून लपवलं. मला सगळं कळलं ते तुझ्या पत्रावरून.

पण आत्या, एक गोष्ट मला समजत नाही. आई शपथेवर सांगते की तिने त्याच संध्याकाळी दादाला पुन्हा फोन करून खरं सांगितलं. कावळ्याचं, सगळं. दादा म्हणाला, "बरं झालं मामी, आईला सांगतो." मग अग्नी दिल्याचं तुला कोणी सांगितलं?

बाबांना आता एकच सुचतंय. तुला भेटायचं. त्यांचं हृदय अशक्त झालंय, पायऱ्या चढवत नाहीत, पण रेल्वेने हिंगोलीपर्यंत नेता येईल. दसरा झाला की कळव, कधी आणू.

सत्यशीला


पुसेगाव
१ नोव्हेंबर २०२३

सत्यशीला, माझे आई,

तुझं पत्र वाचलं आणि मी चुलीपुढे बसून एकटीच हसले, मग रडले, मग तुझ्या आईला अशा शिव्या दिल्या की शेजारीण धावत आली. काय झालं म्हणून विचारते. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात हनुमान आला आणि त्याने माझा हात दाबला. मी तोंड मिटलं.

बाई गेल्यावर मी त्याला उभा केला. म्हटलं, अग्नी कुणाला दिला रे? खाली बसला, डोकं धरून. म्हणाला, "आई, मामीचा दुसरा फोन आला तवर मी पेपरात बातमी देऊन बसलो व्हतो. बॅनर छापून आला व्हता. आमदारसाहेबानं सभेचा टाइम देला व्हता. सकाळी सांगतो सांगतो म्हनलं आन् साहेब स्टेजवर रडून राहिले. मंग मी काय म्हनू? मामा जित्ते हायेत, खाली उतरा?"

मी म्हटलं, आता सांग. तर म्हणतो, "जित्त्या मानसाचं स्मारक होत न्हाई, आई. जागा गेली, खोली गेली, नर्स गेली. आन् गाव म्हनंल, हनुमानानं मामाला मारून नाव कमावलं." माझ्या पोटचा आहे म्हणून सांगत नाही, पण पोरगं वाईट नाही. मामा गेला समजून तोसुद्धा गाईच्या गोठ्यात जाऊन रडला होता, मी पाहिलंय. साखऱ्यात लेकरू आजारी पडलं तर अजून सेनगाव गाठावं लागतं. ती खोली झाली तर वैजाचंच काम पुढे जाईल. आपलेच दात, आपलेच ओठ. मी कुणाला चावू?

म्हणून वैजाला सांग, थोडं थांब. चार-सहा महिन्यांत अनावरण होईल. मग लोक विसरतात. मग तू ये, मी तुला दारातच ओवाळून घेते. तोवर इकडे कुणाला दिसू नकोस. खोट्या मरणाने आयुष्य वाढतं म्हणतात, ते वाढलेलं आयुष्य आहेच की तुझ्यापाशी.

वहिनीला सांग, माझा राग गेला नाही. पण तिची विद्या लागू पडली असेल तर तिच्या तोंडात साखर.

आत्या


हैदराबाद
१८ फेब्रुवारी २०२४

आत्या,

नमस्कार. बाबा मांडीवर वही धरून स्वतःच लिहिणार होते, पण धाप लागली. मीच लिहिते.

दादाने फोनवर स्मारकाचं चित्र पाठवलं. खाली दगडावर काय कोरणार तेही. "कै. डॉ. वैजनाथ गडदे, थोर औषधशास्त्रज्ञ." बाबा चष्मा लावून बघत बसले. म्हणाले, "पदव्या लय मिळाल्या, पन ही 'कै.' कोनत्या विद्यापीठाची?" आम्ही हसलो. आई हसली नाही, उठून आत गेली. तिला आता स्वयंपाकघरात कावळ्याचा आवाज आला तरी चालत नाही.

त्याखाली तारीख होती. मृत्यू, ११ ऑक्टोबर २०२३. ती वाचल्यावर त्यांचा चेहरा उतरला. नंतर दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "आयुष्यभर मी एकच काम केलं. औषधाच्या पाकिटावर जे छापलंय तेच आत असलं पाहिजे. तारीख चुकली तर औषध फेकून द्यायचं. आन् माझ्याच दगडावर खोटी तारीख?"

स्मारकाला त्यांची ना नाही. खोलीचं तर त्यांना फार आहे, नर्सला कोणती औषधं द्यावीत ते त्यांनी मला सांगून ठेवलंय. पुतळ्याला ते हसतात. पण तेवढी तारीख नको. जागा कोरी ठेवा म्हणतात, खरी आली की कोरा. एवढं दादाला सांग. तो माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल.

आणि आत्या, डॉक्टर आता फार पुढचं बोलत नाहीत. अनावरणाची वाट बघायला तुला जमेल, मला जमेल. त्यांना जमेल का ते मला सांगता येत नाही.

सत्यशीला


पुसेगाव
९ जुलै २०२४

चि. सत्यशीला,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. लिहायला बसायचे आणि लिहायला चांगलं काही सापडायचं नाही.

अनावरण मार्चमध्ये ठरलं होतं. लोकसभेची आचारसंहिता लागली. मग साहेबांना वेळ नाही. पुतळा येऊन पडलाय, गोणपाटात गुंडाळून. हनुमान मला दाखवायला घेऊन गेला. वैजाने जन्मात फेटा बांधला नाही, याला फेटा बांधलाय. हातात गोळी दाखवायची होती, ती लिंबाएवढी झालीय. ती गिळून कोणतं लेकरू वाचणार? पण नाक त्याचंच आहे. मी गोणपाट सरकवून गालाला हात लावला, तर दगडासारखा थंड. दगडच तो, दुसरं काय असणार.

तारखेचं मी हनुमानला म्हटलं. एकदा नाही, लय वेळा. तो म्हणतो, "कोरून आलं आई. दगड काय पाटी हाय का, थुकी लावून पुसायला?" आणि म्हणतो, तारीख नाही ठेवली तर लोक विचारतील काहून नाही. त्याची बायको मला जेवायला वाढते तेव्हा आता बोलत नाही. या वयात मी कुठं जाऊ? तू मला भित्री म्हणशील. म्हण.

पण वैजाला सांग, आता लांबणार नाही. दिवाळीच्या आत उरकतं म्हणतात. भाऊबीजेला ये. फाट्यावरून सरळ पुसेगावला ये, साखऱ्यात जाऊ नको. मी अंगणात पाट मांडून ठेवते. पुरणपोळी त्याला चालत नसेल तर नुसती चव दाखवीन.

तुझी आत्या


हैदराबाद
५ ऑक्टोबर २०२४

आत्या,

अनावरण झाल्याचा फोटो पाहिला. फेटा खरंच वाईट आहे. बाबा म्हणाले, "लग्नात पन एवढा झ्याक दिसलो न्हवतो."

भाऊबीजेची तिकिटं काढली. डॉक्टर नको म्हणाले, बाबांनी त्यांनाच दोन गोष्टी सुनावल्या. तुझ्यासाठी हिरवी इरकल साडी घेतलीय, बाबांनी आपण दुकानात येणार म्हणून हट्ट धरला आणि खुर्चीवर बसून स्वतः निवडली. रोज पिशवीतून काढून बघतात. येतोय आम्ही.

सत्यशीला


पुसेगाव
२० ऑक्टोबर २०२४

चि. सत्यशीला,

तिकिटं परत कर. यंदा भाऊबीजेला येऊ नका.

विधानसभेची आचारसंहिता लागली. मतदान नोव्हेंबरात आहे. स्मारकाचं नाव प्रत्येक भाषणात निघतंय. विरोधी पार्टीच्या लोकांना काही कळलं तर हनुमानला गावात राहणं मुश्कील होईल आणि खोलीला कुलूप लागेल. नर्स आता कुठे बसायला लागलीय. मतदान झालं की मी स्वतः हनुमानला घेऊन हैदराबादला येते. एवढा महिना काढा.

वैजाला म्हणावं, बहिणीचा शब्द आहे.

आत्या


हैदराबाद
२० नोव्हेंबर २०२४

आत्या,

परवा, १८ नोव्हेंबरला, पहाटे बाबा गेले. खरंच गेले. आईने नाही, मी स्वतः दादाला फोन केला. तो फोनवर रडला, आणि "सांगतो आईला" म्हणाला. मागच्या खेपेलाही तो असंच म्हणाला होता. म्हणून हे पत्र.

तुला आणखी एक सांगायचंय. ते सांगितलं तर तुझ्या घरात वाद होईल, म्हणून मी सांगणार नव्हते. पण बाबा आता नाहीत, आणि त्यांच्याबद्दल अजून एक खोटी गोष्ट शिल्लक राहावी असं मला वाटत नाही. आत्या, आम्ही भाऊबीजेला आलो होतो.

तुझं पत्र बाबांनी वाचलं आणि म्हणाले, "अक्षर अनसाचं हाय, बोली हनुमानची हाय. आपन जायचं." हिंगोलीला उतरून आम्ही गाडी केली. फाट्यावर त्यांनी थांबवायला सांगितलं. पुतळ्यासमोर माझ्या खांद्याला धरून उभे राहिले. हार सुकलेला होता. त्यांनी वाकून ती तारीख वाचली, बोटाने चाचपली. चहाच्या टपरीवाल्याने विचारलं, "बाबा, डॉक्टरसायबांचे कोन तुमी?"

बाबा म्हणाले, "धाकला भाऊ."

"तरीच! तोंडावळा बराबर हाय," असं म्हणून त्याने खुर्ची दिली, चहा दिला, पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "लय मोठा मानूस गेला." बाबा म्हणाले, "व्हय, गेला." शेजारच्या खोलीला कुलूप होतं, दिवाळीची सुट्टी असेल. खिडकीतून आतली कपाटं बघून मात्र त्यांना बरं वाटलं.

कुणीतरी दादाला कळवलं असावं. तो मोटारसायकलवर आला आणि बाबांच्या पायावर पडला. "मामा, आज न्हाई. मतदान होऊ द्या. लोक वळखतील." बाबा म्हणाले, "अनसाला हितं आन मंग. गाडीतच बसतो मी, काच लावून." दादा म्हणाला, "आई हिंगोलीला दवाखान्यात गेली, सांजच्याला येईल." आत्या, तू खरंच दवाखान्यात गेली होतीस का? बाबांनी साडीची पिशवी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "पार्सल आलं म्हनून दे." परतीच्या गाडीत ते एकदाच बोलले. "आपल्या गावात आपल्याच पुतळ्याचा धाकटा भाऊ झालो बघ मी."

आई म्हणते, काही असो, कावळ्याने वर्ष तर दिलं. मी तिला काही बोलत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली नाही तेव्हा, एवढंच. पण त्या वर्षात माझ्या बापाला बहीण भेटली नाही, हे कावळ्याने केलं नाही.

त्यांचं शेवटपर्यंत एकच मागणं होतं, ती तारीख. ते तू बघ. मी आता कुणाला काही सांगू शकत नाही.

सत्यशीला


पुसेगाव
२ डिसेंबर २०२४

सत्यशीला,

मी दवाखान्यात गेले नव्हते. भाऊबीजेच्या दिवशी मी अंगणात होते. ज्या बाईचा भाऊ येत नाही तिने चंद्राला ओवाळायचं असतं, म्हणून निरांजन घेऊन चंद्राची वाट बघत बसले होते. सूनबाईने पिशवी आणून दिली, म्हणाली मामाचं पार्सल आलंय. मी ती साडी तशीच लुगड्यावर गुंडाळली आणि चंद्राला ओवाळलं. फाटा इथून असा केवढा लांब आहे, पोरी? मोटारसायकलवर बसून मी जाऊन आले असते.

आणि हे ऐक. हनुमानने मला अठरा तारखेलाच सांगितलं होतं, "आई, मामा गेले." मी हसले. म्हटलं, आता कुणाच्या डोक्यावर बसला रे कावळा? तो रडून राहिला होता आणि मी त्यालाच म्हणत होते, येडा का तू, एकदा फसलास तरी शहाणा झाला नाहीस. गल्लीतल्या लेकरांच्या हातावर मी गूळ ठेवला. माझ्या भावाचं आयुष्य अजून एका वर्षाने वाढलं म्हणून. वहिनीचा दुसरा फोन येतो का, म्हणून रोज हनुमानच्या तोंडाकडे बघत होते. आलं ते तुझं पत्र. एवढ्यांदा वाचलं, पण त्यात कुठे कावळा नव्हता.

मी तोंडात पदर घालून रडले. हनुमान म्हणाला, "आई, आवाज करू नको, लोक विचारतील कोन गेलं." खरंच होतं. मागे गल्ली भरून बाया आल्या होत्या, या वेळी एक नाही. त्यांचं रडून झालेलं आहे. एका माणसासाठी गाव दोनदा रडत नाही. रूपाबाई बाजाराला जाताना दारावरून गेली, मला म्हणाली, "काय माय, डोळे काहून लाल झाले?" मी म्हटलं, धूर गेला.

हनुमानशी मी भांडले. जेवढं आयुष्यात भांडले नव्हते तेवढं. त्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "तू म्हनशील ते करतो, फक्त लोकांत बोलू नको." मी म्हटलं, दहावा कर. स्मारकापाशी कर. तुम्ही तिकडे केला असेल, पण मला माझ्या भावाला इथून वाटेला लावायचं होतं. त्याने गावात सांगितलं, मामाचं वर्षश्राद्ध राहून गेलं होतं ते करतोय. माणसं आली. टपरीवाला आला. भटजींनी भाताचा पिंड मांडला आणि आम्ही सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघत उभे राहिलो.

कावळा होता. पुतळ्याच्या फेट्यावरच बसला होता. पण खाली उतरेना. मेलेल्याची इच्छा राहिली की तो पिंडाला शिवत नाही, मग जवळच्याने ती इच्छा पुरी करतो असं बोलायचं असतं. भटजी म्हणाले, कुणी तरी बोला. मी हात जोडून म्हटलं, वैजा, वहिनीला मी अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. मी म्हटलं, सत्यशीलाला मी माझी लेक समजेन. हलला नाही. मी म्हटलं, खोली बंद पडू देणार नाही, नर्सला मी रोज भाकरी नेऊन देईन. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं, पण उतरला नाही.

त्याला काय ऐकायचंय ते मला माहीत होतं. एकच वाक्य होतं. माझ्या शेजारी हनुमान उभा होता. घामाने ओला झाला होता आणि माझ्याकडे बघत होता. लहानपणी तापात बघायचा तसा. मागे सगळा गाव. मी तोंड उघडलं आणि मिटलं. वर्षापूर्वी मिटलं होतं तसंच.

ऊन वर आलं. लोक कुजबुजायला लागले. मग हनुमान पुढे झाला, भटजींच्या ताटातला दर्भ घेतला, त्याची गाठ मारून कावळा केला आणि पिंडाला लावला. भटजी म्हणाले, शिवला. लोकांनी हात जोडले आणि घरी गेले. मरण खोटं होतं तेव्हा कावळा खरा होता. मरण खरं झालं, तर कावळा गवताचा.

मी मागे राहिले. हनुमान गाडीपाशी थांबला होता. मी पुतळ्याच्या पायाशी बसले, त्या तारखेवर हात ठेवला आणि म्हटलं, वैजा, ही तारीख मी काढायला लावते, पोरगा राहो का जावो. तोंडाने म्हटलं का मनात म्हटलं, ते मला सांगता येत नाही. मला आता माझाच आवाज ऐकू येत नाही. हनुमानने मागे वळून बघितलं नाही. कावळा होता तिथेच बसून होता.

तुझी
आत्या